साडेतीन मिलिमीटर

पहिलं भोक बसलं. दुसरं हातोडीच्या दोन टोल्यांनी बसलं. तिसरं अडलं. आणि चौथं तर स्टडच्या बाजूलाच जाऊन उभं राहिलं, स्टड एकीकडे, भोक एकीकडे.

"ठोक अजून," चौगुले मालक मागनं म्हणाले.

"ठोकून काय स्टड सरकतोय व्हय मालक?" मी म्हणालो.

"मग माप चुकलंय."

"माप चुकणार न्हाई. तीनदा मोजलंय मी."

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि तीनदा मोजलं की जगात काही चुकत नाही असं मला वाटायचं. या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तरी तो आठवडा आठवला की माझं डोकं अजून तापतं.

चौगुल्यांचं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत. मी तिथं मेस्त्री होतो. मालकांनी चिखलातल्या शर्यतीसाठी एक जुनी जीप घेतली होती आणि तिच्यात भंगारातून आणलेलं एक चार सिलिंडरचं जपानी इंजिन बसवलं होतं. इंजिन झकास, पण त्याचा मॅनिफोल्ड गायब. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधनं येणारी हवा आणि पेट्रोल इंजिनच्या चार तोंडांत नेऊन सोडणाऱ्या चार नळ्या, आणि त्या ज्या पट्टीवर जोडलेल्या असतात ती जाड प्लेट. ती प्लेट इंजिनच्या हेडवर चार स्टडांत, म्हणजे बाहेर आलेल्या आट्यांच्या खिळ्यांत, बसवून आवळायची. नवीन मागवायची आमची ऐपत नव्हती.

त्या आठवड्याच्या आदल्या रविवारी कोइमतूरचा एक शर्यतीच्या गाड्यांचा टीमवाला गॅरेजात आला होता. काळासावळा, कमी बोलणारा माणूस. त्याला त्याच्या वर्कशॉपसाठी एक पोरगा हवा होता. मालकांनी मला पुढं केलं. त्यानं जीप बघितली, इंजिनच्या उघड्या तोंडावर बोट ठेवलं आणि हिंदीत म्हणाला, "याचा मॅनिफोल्ड तू बनव. घरी बनव, हातानं बनव, चालेल. पण कागदावर माप लिही आणि मापावरनं बनव. हेडवर पुठ्ठा दाबून छाप घ्यायचा नाही. माझ्याकडं हेड येत नाही, ड्रॉइंग येतं. पुढच्या रविवारी सकाळी दहाला येतो. इंजिन चालू दिसलं तर त्याच गाडीत बस."

त्याच गाडीत बस! मला तर त्या दिवसापासून झोपेतही गाडी दिसायला लागली. त्यामागं घरचं एक कारण होतं.

आमचे आबा, हिंदुराव मिस्त्री, शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्न बनवत होते. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओतायचा. आम्ही जातीचे सुतार, त्यात आबांचा हात असा की मालक त्यांना खुर्ची द्यायचे. निवृत्त होताना त्यांनी मालकांजवळ शब्द टाकून मला त्यांच्या जागेवर चिकटवलं. मी नऊ दिवस गेलो. नऊ दिवस रंधा मारला, भुसा गोळा केला, आणि दहाव्या दिवशी सकाळी डबा न घेताच चौगुल्यांच्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो. मला इंजिन पाहिजे होतं, लाकूड नको होतं.

त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. मीही हट्टाला पेटलो. दीड वर्षं झालं, एका घरात, एका ताटवाटीच्या अंतरावर, पण बोलणं सगळं आईमार्फत. आबा माझ्यासमोर बसून आईला म्हणायचे, "त्येला म्हणावं, नळाचा वायसर बदल." मी आईला म्हणायचो, "त्यांना म्हणावं, बदललाय." आई दोघांच्या मधे. आणि आईची एक खोड होती. आमचं बोलणं ती जसंच्या तसं कधी पोचवायची नाही. कडू काढून टाकायची, उरलेलं पुढं द्यायची. एकदा मी म्हणालो होतो, "त्यांना म्हणावं, तुमचा रेडिओ त्या विहिरीत टाका." आईनं आबांना सांगितलं, "रेडिओ जरा बारीक करा म्हणतोय."

तर सोमवारी संध्याकाळी मी गॅरेजातल्या पट्टीनं हेडची मापं घेतली. पहिल्या स्टडापासून चौथ्या स्टडापर्यंत तीनशेसाठ मिलिमीटर. सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतली आणि घरी आलो. भंगारातनं दहा मिलिमीटर जाडीची प्लेट आणली होती, नळ्या एका मोडक्या स्कूटरच्या सायलेन्सरमधनं कापल्या होत्या. परड्यात पेरूच्या झाडाखाली फळकूट टाकलं, पण आखायला पट्टी नाही. माझी शाळेतली प्लॅस्टिकची होती, तिचे आकडे गेलेले.

आबांची लाकडी पेटी पडवीत असायची. तिच्यात कापडात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी होती. दोन फुटी, जाड, काळपट झालेली, पण रेघा अशा बारीक आणि खोल की नख लावलं तर कळावं. टोकाला बारीक अक्षरांत एकाला शंभर असं काहीतरी कोरलेलं. मला वाटलं कंपनीचा नंबर असेल. ती मी घेतली.

आबा कट्ट्यावर बसले होते. त्यांनी बघितलं. उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आईशी बराच वेळ काहीतरी बोलले. आवाज चढलेला होता. मग आई पदराला हात पुसत परड्यात आली.

"आबा म्हणत्यात, ती पट्टी नको घेऊस."

"का?"

"नको म्हणत्यात म्हंजे नको. दुसरी घे."

"एवढं बोलले ते एवढ्यासाठीच?"

"एवढंच बोलले," आई म्हणाली आणि नजर चुकवून पेरूकडं बघायला लागली.

"त्यांना म्हणावं, वापरून पट्टी झिजत न्हाई. मेल्यावर बरोबर नेणार हायत का?"

आई आत गेली. मला ऐकू आलं, "जपून वापरतो म्हणतोय."

मंगळवारी प्लेट कापली, भोकं पाडली, आणि माझा मित्र दस्तगीर मुल्लाणी वेल्डिंग मशीन घेऊन आला. गल्लीतला सगळ्यात साफ हात. एक पैसा न घेता त्यानं चारी नळ्या चिकटवल्या, आणि शिट्टी मारत मशीन घेऊन गेला. ती प्लेट सायकलच्या कॅरिअरला बांधून मी गॅरेजात नेली, आणि तिथं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

परत घरी आलो. आबांच्या पट्टीनं मोजलं. तीनशेसाठ. एक केस इकडं नाही, तिकडं नाही.

मग मी चालत दस्तगीरच्या दुकानात गेलो. "तुझ्या वेल्डिंगनं प्लेट ताणली."

तो हसला. "लगा, वेल्डिंगनं लोखंड आखडतंय. वाढलेलं कधी बघितलंस?"

"मग भोकं लांब कशी गेली?"

"ते तू बघ. माझ्या हातनं प्लेट वाकली असंल तर सांग, फोडून देतो."

"तुझ्या हातनं नुसती गेटं होत्यात," मी म्हणालो. "इंजिनचं काम तुला जमायचं न्हाई, हे मला आधीच कळायला पायजे होतं."

दुकानात दोन गिऱ्हाईकं बसली होती. दस्तगीरनं चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा खाली ओढून कामाला लागला. त्यानं आईमाई काढली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी दुसरी प्लेट. आता वेल्डिंग नंतर, आधी नुसती भोकं पाडून गॅरेजात बसवून बघायची असं ठरवलं. रात्रभर पावसानं परडं चिखल झालेलं, हातड्रिल फिरवून खांदा निखळायची वेळ. आई चहा घेऊन आली.

"आबा म्हणत्यात, बाजारातनं साधी पट्टी आण. स्वस्तात मिळती."

"त्यांना म्हणावं, त्यांची पट्टी मी खाणार न्हाई. एवढा जीव अडकलाय तर घेऊन बसा म्हणावं मांडीवर."

आई आत गेली. "बघतो म्हणतोय," एवढंच ऐकू आलं.

दुसरी प्लेट गुरुवारी हेडवर लावली. पहिलं भोक बसलं, दुसरं ठोकून बसलं, तिसरं अडलं, चौथं बाजूला. तेच! तसंच्या तसं! चौगुले मालकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "निवास, तुला झेपणार न्हाई. छाप घे की गुपचूप. त्या मद्राशाला काय कळतंय?"

"शब्द दिलाय मालक."

"शब्दानं इंजिन चालत न्हाई बाबा."

मला इतका राग आला होता की सायकल हातात धरून चालत घरी आलो. यावेळी ड्रिलचा दोष काढला. ड्रिल भटकतंय, भोकाची खूण ठोकायचा पंच नीट बसत नाही. पंच नवीन घेतला.

शुक्रवारी सकाळी पडवीत गेलो तर आबांच्या पेटीला कुलूप. एवढं मोठं पितळी कुलूप, फाटकाचं असतं तसलं. आबा कट्ट्यावर, पेपर तोंडासमोर धरून. मी स्क्रू ड्रायव्हर आणला, पेटीच्या मागच्या बिजागऱ्या उलगडल्या, झाकण उलट्या बाजूनं उघडलं, पट्टी काढली, आणि बिजागऱ्या तशाच ठेवून परड्यात गेलो. पेपर एकदाही हलला नाही. नंतर आतून आबांचा आवाज आला, आईला म्हणत होते, "सांगून कळत न्हाई तर घाल म्हणावं खड्ड्यात."

आई मला ते सांगायला आली नाही.

शनिवारी दुपारी बारा वाजता तिसरी प्लेट हेडवर लावली. पुढं काय झालं ते सांगत नाही. चौगुले मालकांनी तर बघायचंही सोडलं होतं, ते टायरवर बसून शेंगा खात होते. मी गॅरेजातली पट्टी ओढली आणि तिथल्या तिथं प्लेट मोजली. तीनशेत्रेसष्ट आणि अर्धा.

मी डोळे पुसले. पुन्हा मोजली. तीनशेत्रेसष्ट आणि अर्धा.

सायकल अशी हाणली की दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. परड्यात येऊन आबांच्या पट्टीनं तीच प्लेट मोजली. तीनशेसाठ.

"आईच्यान सांगतो, लोखंड सायकलवर बसलं की वाढतंय!" मी ओरडलो. शेजारची कोंबडी फडफडत पळाली. उद्या सकाळी दहाला तो येणार, आणि माझ्या हातात तीन प्लेटा, तिन्ही भंगार. माझं कोइमतूर चाललं, माझी गाडी चालली, आयुष्यभर ह्या घरात कुणाच्या तरी मार्फत बोलत बसायचं. मला रडूच आलं. मी पट्टी उचलली आणि पेरूच्या बुंध्यावर फेकून मारली. खणकन आवाज झाला.

आबा कट्ट्यावरून उठले. सावकाश पायऱ्या उतरले, चिखलात वाकले, पट्टी उचलली. धोतराच्या सोग्यानं पुसली, डोळ्यासमोर आडवी धरून वाकली का बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"लांब हाय ती."

दीड वर्षानं. मला आधी कळलंच नाही की ते माझ्याशी बोलले.

"काय?"

"पट्टी लांब हाय. ओतकामाची हाय. बिडाचा रस गार झाला की आकसतोय, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब कोण करंल, म्हणून पट्टीच ताणून बनवत्यात. हिचं शंभर म्हंजे एकशेएक. तुझं तीनशेसाठ म्हंजे किती झालं?"

मी हिशेब केला. साडेतीन मिलिमीटरच्या वर थोडं. गॅरेजात मोजली तेवढीच.

"सोमवारीच सांगितलं होतं तुला," आबा म्हणाले. "हिच्या हाती. बुधवारी सांगितलं. ऐकलं न्हाईस."

"मला कुणी सांगितलं न्हाई!"

आम्ही दोघांनीही आईकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पीठ लागलेलं.

"आई, तू पट्टी नको एवढंच म्हणालीस. लांब हाय हे का न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू?" आई म्हणाली. "तुझे आबा काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, त्या गाढवाला सांग, नऊ दिवसांत शेपूट घालून पळाला नसता तर दहाव्या दिवशी शिकला असता की ही पट्टी लांब असती. एवढं सगळं एका दमात. त्यातलं गाढव काढलं, शेपूट काढलं, पळाला काढलं, दहावा दिवस काढला. तर उरलं काय? पट्टी नको. तेवढं सांगितलं."

आबा पट्टीवरचा उरलेला चिखल नखानं काढायला लागले.

"दीड वर्ष झालं," आई म्हणाली, "ह्यांच्यातलं विष मी पिते, तुझ्यातलं मी पिते. आजपासनं माझं पोस्ट बंद. तुमचं तुम्ही बोला, न्हाईतर मुके रहा." आणि आत गेली. परात आपटल्याचा आवाज आला.

आबांनी खिशातून कुलपाची किल्ली काढली, मग त्यांना आठवलं की बिजागऱ्या मी उलगडल्यात. किल्ली परत खिशात टाकली. पेटीच्या तळातून दुसरी पट्टी काढली. साधी. पहिल्या भोकापासून चौथ्यापर्यंत त्यांनीच आखून दिलं. खिळ्याचं टोक पोलादाला लागलं की रेघ एका झटक्यात, सरळ. राहिलेल्या तुकड्यातून चौथी प्लेट निघाली. चार वाजेपर्यंत भोकं पडली, मी ती गॅरेजात नेली, आणि चारी स्टड नुसत्या बोटानं आत गेले.

पण पहिल्या प्लेटवरनं कापून काढलेल्या नळ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या, आणि साफ हात गल्लीत एकच.

दस्तगीरच्या दुकानाला कुलूप. चुलतभावाच्या लग्नाला मिरजेला गेला होता. मी एसटी पकडून मिरजेला गेलो. मांडवात तो पाहुण्यांना पाणी वाढत होता. मला बघून जग खाली ठेवला.

"चुकी माझी होती," मी म्हणालो. "पट्टी लांब होती. तुझं वेल्डिंग बरोबर होतं. मी चार माणसांत बोललो, आता चार माणसांत सांगतो."

"आधी जेव," तो म्हणाला.

"दस्तगीर, उद्या दहाला..."

"जेव म्हणतोय न्हवं? आज निकाह हाय. भावाला टाकून येऊ का तुझ्या गेटाला?" गेट म्हणताना हसला नाही. मग हळूच म्हणाला, "सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो."

तो आला. शब्दाला जागला. पण पहिली गाडी हातकणंगल्याला बंद पडली आणि दस्तगीर गॅरेजात पोचला तेव्हा पावणेदहा वाजले होते. दहाला कोइमतूरवाला आला. दस्तगीर काचेआड वाकलेला, ठिणग्या उडत होत्या. तो माणूस पंधरा मिनिटं उभा राहिला. घड्याळ बघितलं. प्लेट हातात घेऊन बघायची त्याची इच्छा दिसत होती, पण ती लाल होती. "वेळेला तयार नाही," एवढंच म्हणाला, आणि बेळगावच्या एका पोराला घेऊन त्याच गाडीत बसून गेला.

इंजिन अकरा वाजून वीस मिनिटांनी चालू झालं. एका सेल्फात. चारी सिलिंडर असे एका सुरात की चौगुले मालकांच्या हातातल्या शेंगा सांडल्या. दस्तगीरनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला त्याच्याकडं बघवेना. मंगळवारी मी माझं तोंड आवरलं असतं तर तो शनिवारी नळ्या चिकटवूनच मिरजेला गेला असता, आणि हाच आवाज दहाला आला असता.

गॅरेजच्या दारात आबा उभे होते. मी बोलावलं नव्हतं. रिक्षानं आले असावेत. आत आले नाहीत. जरा वेळ ऐकत राहिले आणि परत गेले.

सोमवारी मी कामावर गेलो नाही. अंथरुणातच पडून राहिलो. नऊच्या सुमाराला परड्यातनं रंध्याचा आवाज आला. उठून गेलो. पेरूखाली आबांनी फळकुटावर सागाचा ठोकळा धरला होता. कुणीतरी त्यांना पंपाच्या झाकणाचं काम दिलं होतं. शेजारी दोन पट्ट्या ठेवलेल्या, एक काळपट, एक साधी. पेटीच्या बिजागऱ्या त्यांनी परत बसवल्या होत्या.

मी जाऊन उभा राहिलो. आबांनी सवयीनं मान स्वयंपाकघराकडं वळवली. "अगं, त्येला म्हणावं..."

आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज चालूच होता, जरा जास्तच जोरात.

आबा थांबले. माझ्याकडं वळले. "निवास," म्हणाले, "पट्टी दे."

मी खाली बघितलं. दोन पट्ट्या. हात पुढं केला आणि मागं घेतला.

"आबा," मी विचारलं, "झाकण कशाचं हाय? बिडाचं का कापून करायचंय?"

आबांनी रंधा खाली ठेवला.

"बिडाचं," म्हणाले.

मी लांब पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली.